चांदीची आगगाडी, फुलबागेतलं शून्य

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

ती चित्रफीत तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेली असणार. जेवणाचं लांबलचक टेबल, त्यावर रूळ, आणि रुळांवरून निघालेली चांदीची इवलीशी आगगाडी. डब्यांमध्ये मद्याचे काचेचे बुधले, सिगार. पाहुण्यानं बुधला उचलला की गाडी थांबते, परत ठेवला की चालू लागते. डब्यांवर इंग्रजीत एकेक अक्षर, ती जुळवली की शिंद्यांचं नाव तयार होतं. आपण म्हणतो, ‘काय एकेक शौक!’ आणि बोटानं पुढची चित्रफीत ओढतो.

मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर या भागातला. ती गाडी आमच्या जयविलास महालात आहे. म्हणून त्या ठिकाणी माझं बोट थांबतं, आणि तुमचंही जरा थांबवावं असं मला मनापासून वाटतं. इंटरनेटवर फिरणाऱ्या अशा गमतीजमतींना नाकं मुरडणारा मी नाही. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना ग्वाल्हेर पहिल्यांदा भेटतं ते कुठल्या ग्रंथात नाही, अशाच अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात. तो पाहून मूल विचारतं, ‘खरंच?’ त्या ‘खरंच?’ला नीट उत्तर देणारं कोणी घरात असावं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

तर ती गाडी खरी आहे. पण तिच्यापेक्षा मोठी गोष्ट टेबलाच्या बाहेर आहे. संस्थानाचे महाराज माधवराव शिंदे यांना आगगाडीचं वेड होतं. त्यांच्या काळात ग्वाल्हेर संस्थानानं दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे बांधली. एक फाटा भिंडला, एक शिवपुरीला, आणि एक जौरा, कैलारस, सबलगढ करत श्योपुरला. एकट्या श्योपुरच्या मार्गाची लांबी सुमारे २०० किलोमीटर. एवढ्या अरुंद रुळांवरच्या जगातल्या सर्वांत लांब मार्गांपैकी तो एक. महालातल्या टेबलावर गाडी पाहुण्यांची हौस भागवत होती आणि बाहेर चंबळच्या खोऱ्यातल्या माणसांना, त्यांच्या गाठोड्यांना तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचवत होती. डब्यांत जागा नसली की लोक टपावर बसायचे. ते फोटोही तुम्ही पाहिले असतील. २०२० मध्ये श्योपुरची ही गाडी थांबली आणि मोठ्या रुळांचं काम सुरू झालं. प्रगती म्हणून ते बरोबरच आहे. तरी शंभराहून जास्त वर्षं चाललेल्या गाडीची आठवण चांदीच्या खेळण्याइतकी तरी फिरायला हवी होती, असं मला फार वाटतं.

महालाच्या छताची ताकद अजमावायला वर हत्ती चढवले, ही दुसरी लाडकी गोष्ट. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत, तेव्हा छताची काळजी कुणालाही वाटली असती. हत्ती किती होते ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. झुंबरं आहेत, ती जाऊन पाहावीत.

आता शून्याकडे येतो, कारण माझा सगळा जीव तिथे आहे.

‘जगातलं सर्वांत जुनं शून्य ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर!’ हा संदेश दरवर्षी नव्या जोमानं फिरतो. किल्ल्यावर पायी चढताना वाटेत एकाच खडकात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं. घाईतला माणूस ते न बघताच पुढे जातो. तिथल्या शिलालेखावर ९३३ हे विक्रम संवत आहे, म्हणजे इसवी सन ८७६. लेखात शून्य आहे, स्वच्छ गोल, आज आपण काढतो तसं. पण ‘सर्वांत जुनं’ म्हणताना थांबायला हवं. कंबोडियात सापडलेल्या एका शिलालेखात इसवी सन ६८३ चं शून्य ठिपक्याच्या रूपात आहे. बख्शाली पोथी या गणिताच्या जुन्या हस्तलिखितातही ठिपक्याची शून्यं आहेत, आणि २०१७ मध्ये ऑक्सफर्डनं तिची कार्बन चाचणी जाहीर केल्यापासून तिच्या वयावरून अभ्यासकांत मतभेद आहेत. शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम तर ब्रह्मगुप्त या गणितज्ञानं ६२८ मध्येच लिहून ठेवले होते.

मग आमच्या ग्वाल्हेरच्या शून्याचं महत्त्व कमी झालं का? माझ्या मते वाढलं. तो लेख कशाबद्दल आहे ते बघा. देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली: २७० हात लांब, १८७ हात रुंद. बागेतून देवाला रोज ५० माळा यायच्या. शून्य आलं आहे ते २७० मध्ये आणि ५० मध्ये. इथे कुणी गणिताचा सिद्धांत मांडत नव्हतं. जमिनीची मोजणी आणि माळांचा हिशेब लिहिताना शून्य सहज हाताखालून उतरलं, म्हणजे ते वाचून समजणारी माणसं भोवती होती. एखादी कल्पना पंडिताच्या पोथीतून माळ्याच्या हिशेबात येते, तो क्षण मला ‘सर्वांत जुनं’ या बिरुदापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

याच धाग्यातला तो विनोद: आर्यभटानं शून्य शोधलं, तर त्याच्या आधी रावणाची दहा डोकी आणि शंभर कौरव मोजले कुणी? गेल्या मेळाव्यात एका मुलीनं मला तो वाचून दाखवला आणि हसून झाल्यावर विचारलं, ‘पण खरंच, कसे मोजले?’ मला तिचा फार अभिमान वाटला. तिला मी नाणेघाटात नेलं, अर्थात बोलता बोलता. जुन्नरजवळच्या त्या घाटातल्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात आहेत, हजारांच्या घरातले. शून्य मात्र एकही नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला आणखी वेगळी. संख्यांची नावं तर त्याहून जुनी. यजुर्वेदात एकापासून परार्धापर्यंत दहाच्या पटीनं ती दिलेली आहेत. मोजायला शून्य लागत नाही. थोडक्या खुणांत कितीही मोठा आकडा लिहायचा म्हटला की लागतं. नाणेघाटाचा लेखही दानाचा, ग्वाल्हेरचाही दानाचा. मधे हजार वर्षांच्या आसपासचा काळ, आणि तेवढ्यात लिहिण्याची सगळी रीत पालटली. त्या विनोदातून इथवर येता येतं, म्हणून मला तो विनोद आवडतो.

मितावलीचं चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर पाहून दिल्लीचं जुनं संसद भवन उभारलं, हाही संदेश तुम्हाला येतो. दोन्ही गोल आहेत आणि वरून काढलेले फोटो शेजारी ठेवले की डोळे दिपतात. वास्तुरचनाकारांनी हे मंदिर पाहिलं होतं, याला कागदोपत्री आधार नाही. मंदिर मुरैना जिल्ह्यात टेकडीवर आहे, ग्वाल्हेरहून एका दिवसात जाऊन येता येतं. संसदेचं नाव न घेताही ते बघण्याजोगं आहे.

आणि तानसेनाची चिंच. समाधीशेजारच्या झाडाचा पाला चावला की गळा गोड होतो म्हणतात, आणि डिसेंबरात तानसेन समारोह आला की पाला चावणाऱ्यांच्या चित्रफितींना ऊत येतो. चावा, माझी काही हरकत नाही, मीही चावला आहे. पण मुलांना सोबत हेही सांगा की गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर दक्षिणेतून गाण्यासाठी ग्वाल्हेरला आले आणि ग्वाल्हेरचे ख्यालगायक हद्दू-हस्सू खाँ यांच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींच्या घरी राहून, सेवा करून शिकले. त्यांनी ते गाणं महाराष्ट्रात नेलं. मिरजेला त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुस्कर तयार झाले आणि त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज या हॉलमध्ये ज्यांची मुलं ख्याल शिकतात, त्यातल्या कितीतरींच्या गुरूंची ओळ मागे मागे जात आमच्या गावाला पोचते. ग्वाल्हेरमध्येच राहिलेले गायक कृष्णराव शंकर पंडित यांचं जुनं ध्वनिमुद्रण या मुलांना एकदा लावून दाखवा. तानेचा तो दमदारपणा कुठल्या झाडाचा नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. मंडळाच्या ग्रुपवर अशी एखादी चीज आली, की ज्याला त्या गावाची माहिती आहे त्यानं त्याच दिवशी खाली चार ओळी लिहाव्यात: काय खरं, काय नुसतं ऐकीव, आणि तिथे गेलं तर काय बघावं. ग्वाल्हेरची जबाबदारी मी घेतो. इंदूर, बडोदा, तंजावरची माणसं इथे बसलीच आहेत, त्यांनी आपापली घ्यावी. आणि छोट्या रेल्वेचे फोटो, तिकिटं कुणाच्या आजोळी जपलेली असतील, तर त्यांच्या प्रती माझ्याकडे पाठवा. श्योपुरच्या मार्गावरची जुनी तिकिटं मला विशेष हवी आहेत. नाव-पत्ता चहाच्या वेळी घेतो.