गोधडीत शिवलेला खटला

मंडळी, शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या खटल्यावर अमेरिकेतली शाळकरी मुलं क्विल्ट शिवतात. क्विल्ट ही आपल्या गोधडीची बहीणच. वर तुकड्यांचं कापड, मधे कापूस, खाली अस्तर आणि तिन्ही थर धरून ठेवणारा धावदोरा. एकेक मूल एकेक चौकोन करतं, मग ते जोडले जातात.

हा खटलाही असाच जोडलेला होता. कॅन्सस, दक्षिण कॅरोलिना, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि राजधानी वॉशिंग्टन अशा पाच ठिकाणचे दावे सर्वोच्च न्यायालयापुढे एकत्र आले. १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं, की वर्णावरून वेगळ्या केलेल्या शाळा मुळातच असमान असतात. ‘वेगळे पण समान’ हे १८९६ पासून चालत आलेलं सूत्र शाळांपुरतं तिथं संपलं.

खटल्याचं नाव निघालं की डोळ्यांपुढे कॅन्ससमधल्या टोपेकाची लिंडा ब्राउन येते, घराजवळची शाळा असून केवळ काळी म्हणून लांबच्या शाळेत जावं लागलेली. तिचा चौकोन हवाच. पण माझा जीव अडकलाय तो व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलच्या चौकोनात. पाचांपैकी हा एकच लढा विद्यार्थ्यांनी स्वतः सुरू केला.

तिथल्या काळ्या मुलांच्या मोटन हायस्कूलची इमारत १८० मुलांसाठी बांधलेली, आणि मुलं साडेचारशेच्या वर. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरायचे. शेगडीजवळचं मूल भाजून निघायचं, लांबचं कोट घालून कुडकुडायचं. पाऊस आला की छप्पर गळायचं आणि मुलं छत्र्या उघडून धडा गिरवायची. वर्गात उघडलेली छत्री! ती शिवणाऱ्या मुलांना मी सांगेन, तिचं कापड काळं आणि जाड घ्या, काड्या उलट्या टाक्याने घाला. हाताला लागल्या पाहिजेत.

२३ एप्रिल १९५१ ला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने मुख्याध्यापकांना खोट्या निरोपाने बाहेर काढलं, सभा बोलावली, शिक्षकांना सभागृहाबाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला. पोरांना नवी, नीट इमारत हवी होती. वकील म्हणाले, खटला चालवू, पण मागणी गोऱ्या मुलांबरोबर एकत्र शिकण्याची असेल तरच. पोरं तयार झाली. किती मोठी उडी होती ती, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची! दाव्यात ११७ विद्यार्थ्यांची नावं होती.

ते जिंकले, आणि पुढे काय झालं? एकत्र शिकवावं लागू नये म्हणून फार्मव्हिलच्या काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप घातलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकी बहुतेकांची वर्षांमागून वर्षं शाळेविना गेली. कुलपं उघडली ती १९६४ मध्ये.

त्या पाच वर्षांचा चौकोन कसा शिवायचा? मी तरी त्यावर चित्र काढणार नाही. कोरा मांजरपाट लावीन, आणि बाकीच्या चौकोनांतून येणारा धावदोरा त्यावरूनही तसाच पुढे नेईन.