सही दुसऱ्याची, पायरी स्कार्पांची

[दृश्य: व्हेनिस, सान मार्को चौक. कमानीखालचं काचेचं दालन.]

व्हेनिसचा सान मार्को चौक. कॅमेरा कुठंही वळवा, बॅसिलिका नाहीतर घंटाघर चौकटीत येतंच. आपण दोघांकडेही पाठ करू आणि उत्तरेकडच्या जुन्या कमानींखाली शिरू. इथं एक दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं, विक्री हा इथं मुख्य मुद्दा कधीच नव्हता. टाइपरायटर बनवणाऱ्या ऑलिव्हेत्ती कंपनीचे आद्रियानो ऑलिव्हेत्ती यांना ऐन चौकात आपल्या यंत्रांसाठी एक देखणं दालन हवं होतं. १९५७ साली त्यांनी ही जागा कार्लो स्कार्पांच्या हाती सोपवली. अरुंद, लांबोडकी, उजेडाच्या नावानं ठणठणाट.

आता जिना बघा.

[दृश्य: जिना, अगदी जवळून. खालून वर.]

ऑरिसिनाच्या खाणीतल्या दगडाच्या लाद्या आहेत. एकीसारखी दुसरी नाही. एखादी पाऊल मावेल एवढीच, तर एखादी बाजूला अशी सरकत गेलेली की तिच्यावर बसावंसं वाटतं. एक लादी दुसरीला टेकत नाही, मधल्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. चढणारा माणूस दगडावर पाय ठेवतो, पण दगड कशावर ठेवलाय ते त्याला पटकन कळत नाही.

जमिनीत शेजारच्या मुरानो बेटावरच्या काचेचे बारीक तुकडे बसवलेत. ओळी किंचित हललेल्या आहेत, आणि त्या तशाच हव्या होत्या. चार पावलं पुढं गेलं की काचेचा रंग बदलतो. दाराजवळ काळ्या बेल्जियन संगमरवराचं कुंड, त्यात पाण्याचा जेमतेम थर, त्यावर आल्बेर्तो व्हियानींचं शिल्प. एवढ्याशा जागेत इतकं काही मांडलंय, तरी गर्दी वाटत नाही.

हे ज्यांनी केलं, त्यांच्याकडे आर्किटेक्ट म्हणून काम करायचा परवाना नव्हता.

[दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. अकादमीची इमारत.]

कार्लो स्कार्पांचा जन्म २ जून १९०६ चा, व्हेनिसमधलाच. लहानपण गेलं व्हिचेंझात, म्हणजे सोळाव्या शतकातल्या वास्तुकार पाल्लादिओच्या गावात. आई गेली आणि तेराव्या वर्षी ते परत व्हेनिसला आले. १९२६ मध्ये इथल्या ललित कला अकादमीतून वास्तुरेखनाचे शिक्षक म्हणून बाहेर पडले. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं तर वेगळी परीक्षा, वेगळी नोंदणी. महायुद्धानंतर ती परीक्षा त्यांच्यासारख्यांसाठी निव्वळ उपचार होती. त्यांनी ती दिली नाही, शेवटपर्यंत नाही. त्यामुळे परवानाधारक सहकारी सोबत घेऊनच काम करायचं, आणि सरकारी कागदावर सही त्याची. लोक त्यांना 'प्रोफेसर' म्हणत. ते वास्तुशास्त्र शिकवत होतेच, त्यामुळे हाक खोटीही नव्हती.

१९५६ साली त्यांना वास्तुकलेचा राष्ट्रीय ऑलिव्हेत्ती पुरस्कार मिळाला. आणि आर्किटेक्टांच्या संघटनेनं परवान्याशिवाय धंदा केल्याबद्दल त्यांना कोर्टात खेचलं तेही. निर्दोष सुटले. खटल्याचं एकही चित्र आमच्या हाती नाही, तेव्हा पुढं चला.

[दृश्य: मुरानो. भट्टी. फुंकनळीच्या टोकावरचा काचेचा गोळा.]

कागदावरच्या सहीपेक्षा हातांची गोष्ट मोठी आहे, आणि ती सुरू होते इथं, या भट्टीपाशी. १९३२ ते १९४७ अशी पंधरा वर्षं स्कार्पा मुरानोतल्या वेनीनी या काच कारखान्याचे कलासल्लागार होते. त्याआधी काही वर्षं काप्पेल्लीन यांच्या काच कारखान्यात. काच फुंकणारे ते नव्हेत. फुंकणारा उस्ताद वेगळा, त्याच्या हाताखालचे मदतनीस वेगळे. स्कार्पा चित्र काढणार, भट्टीजवळ उभे राहणार, काच काय करते ते बघणार आणि परत चित्र काढणार. यातूनच आम्लानं खडबडवलेली काच आली, आत बुडबुडे अडकवलेली काच आली, आणि 'बात्तूतो' आली.

[दृश्य: बात्तूतो भांडं, तिरप्या उजेडात.]

बात्तूतो म्हणजे ठोकलेली. प्रत्यक्षात इथं ठोकाठोकी नाही. थंड झालेली काच फिरत्या चाकावर धरून तिच्या अंगावर अशा उथळ खुणा पाडत जातात. एक खूण, तिच्या शेजारी दुसरी, सगळ्या एकाच दिशेनं. शेवटी भांडं काचेचं न वाटता तांबटानं घडवल्यासारखं वाटतं.

या पंधरा वर्षांना पुष्कळ पुस्तकांत दोन ओळी मिळतात. माझ्या मते पुढचं सगळं इथंच ठरलं. कारागिराला नकाशा पाठवून मोकळं व्हायचं नाही, त्याच्या शेजारी उभं राहायचं.

[दृश्य: व्हेरोना. आदिजे नदी, किल्ल्याचा पूल, मग आतलं अंगण.]

व्हेरोनाचा कास्तेलव्हेक्यो, चौदाव्या शतकातला किल्ला. नेपोलियनच्या काळात अंगणात बराकी उठल्या. १९२० च्या दशकात त्याच बराकींना पाडलेल्या वाड्यांच्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या खिडक्या चिकटवून 'जुना' दर्शनी भाग तयार झाला. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी पूल उडवला. तो पुन्हा बांधला गेला. किल्ल्यातल्या संग्रहालयाचे संचालक लिचिस्को मागान्यातो यांनी १९५० च्या दशकात स्कार्पांना बोलावलं. मुख्य काम १९६४ पर्यंत चाललं आणि उरलंसुरलं त्याच्याही पुढं बरीच वर्षं.

स्कार्पांनी खोटा दर्शनी भाग पाडला नाही. त्यांनी काय केलं ते या खिडकीत बघा.

[दृश्य: गॉथिक खिडकी, आतून. मागची काचेची चौकट.]

पुढं गॉथिक कमान. काच मात्र कमानीत नाही, मागं वेगळ्या चौकटीत आहे, आणि चौकटीचे गज कमानीशी मुद्दाम जुळवलेले नाहीत. दोन्ही एकाच वेळी दिसतात, आणि पुढचा भाग हा नुसता पडदा आहे हे न सांगता कळतं. फरशीचंही तेच. फरशी भिंतीपर्यंत येते आणि थांबते. मध्ये अरुंद खाच. नवी फरशी जुन्या भिंतीला चिकटून आपण मूळचेच असल्याचा आव आणत नाही.

मूर्तींना इथं रांगेत उभं केलेलं नाही. प्रत्येकीचा कट्टा निराळा, लोखंडी आधार निराळा. एखाद-दोन तर येणाऱ्याकडे पाठ करून उभ्या आहेत. चेहरा बघायचा तर वळसा घालून जा.

[दृश्य: कानग्रांदेचा अश्वारूढ पुतळा. खालून, बाजूनं, वरच्या पुलावरून.]

आणि हा कानग्रांदे देल्ला स्काला, व्हेरोनाचा धनी. घोड्यावर बसलाय आणि हसतोय. मूळचा त्याच्या कबरीच्या शिखरावरचा. एवढा मोठा मानकरी ठेवायचा कुठं? बराकीचा बुरुजालगतचा शेवटचा खण स्कार्पांनी पाडायला लावला. खणताना खाली जुनं दार आणि खंदक सापडला. त्या रिकाम्या खिंडीत, काँक्रीटच्या बाहेर काढलेल्या हातावर, त्यांनी घोडा चढवला. अंगणातून तो उंच दिसतो. वरच्या पुलावर गेलात की त्याच्या नजरेला नजर भिडते. पुन्हा खाली उतरलात की घोड्याचं पोट. एकाच पुतळ्याला आम्ही पाच ठिकाणांहून टिपलं आणि एकही शॉट कापायला मन होईना, म्हणून हे दृश्य लांबलंय.

[दृश्य: पेन्सिलीची रेखाटनं. एकावर एक काढलेल्या रेषा.]

ही त्यांची रेखाटनं. जाड पुठ्ठ्यासारख्या कागदावर पेन्सिल आणि थोडे रंग. एकाच कागदावर आख्खी भिंत, तिच्या शेजारी एका स्क्रूचं डोकं, मध्येच माणसाची आकृती, म्हणजे डोळे कुठल्या उंचीवर येतील ते समजावं. काढल्याशिवाय मला दिसत नाही, अशा अर्थाचं ते बोलत. हे कागद घेऊन ते लोहाराकडे जात, सुताराकडे जात. लोखंड आणि पितळ झानोन यांच्या वर्कशॉपमध्ये, लाकूड आन्फोदिल्लो आणि कापोव्हिला यांच्याकडे, गिलावा एउजेनिओ दे लुईजींकडे. वर्षानुवर्षं हीच माणसं. वास्तुकलेच्या इतिहासात लोहाराचं आणि गिलाव्यावाल्याचं नाव टिकून राहतं, हे फार वेळा होत नाही.

[दृश्य: घोटीव गिलावा करणारे हात. लोखंडी थापी.]

व्हेनिसचा हा घोटीव गिलावा आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत हात फिरवलेल्यांना ओळखीचा वाटेल. विझवलेला चुना आणि संगमरवराची भुकटी. थर कागदासारखे पातळ, एक ओलसर असतानाच दुसरा. मग थापीनं घोटत राहायचं, जोर लावून, एकाच जागी फार न थांबता. थांबलं की डाग पडतो. रंग वरून दिलेला नसतो, चुन्यातच मिसळलेला असतो. पुरेसं घोटलं की भिंतीत समोरची खिडकी दिसू लागते. ही बघा, आता दिसायला लागली.

एवढं हातकाम म्हणजे पैसा लागतो, वेळ लागतो, आणि ते सगळ्यांना परवडत नाही. खरंय.

[दृश्य: क्वेरिनी स्तांपालिया. छोटा पूल, मग तळमजल्यात शिरणारं पाणी.]

परत व्हेनिस. क्वेरिनी स्तांपालिया हा जुना वाडा, आता ग्रंथालय आणि संग्रहालय. भरतीला तळमजल्यात पाणी घुसायचं. संचालक जुझेप्पे मात्सारिओल यांना ते बाहेर ठेवायचं होतं. त्यांनीच नंतर सांगितलेली हकीकत अशी, की स्कार्पा जरा गप्प राहिले आणि म्हणाले, पाणी आत येऊ दे. सगळ्या शहरात येतं तसंच. त्याला फक्त आवर घालायचा.

१९६३ मध्ये काम संपलं. कालव्याकडच्या जाळीच्या दारातून भरती आत येते, दगडी पायऱ्यांवर पसरते आणि पन्हळीतून फिरते. चालायची वाट काठ उचललेली आहे, सपाट ताटाला कड असते तशी. पाणी कडेच्या बाहेर, माणूस कडेच्या आत.

मागच्या बागेत पाणी पुन्हा भेटतं, पण इथं ते पाळीव आहे. दगडात कोरलेल्या लहानशा चक्रव्यूहातून थेंबाथेंबानं निघतं आणि लांब पाटातून चालत जातं. पाट बघताना लक्षात येईल, कोपरा आला की दगड एकदम वळत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी वळतो. तो नमुना लक्षात ठेवा.

२०२० पासून मोठ्या भरतीला खाजणाच्या तोंडाशी पोलादी दारं उभी राहतात, म्हणजे मोठं पाणी आता शहराबाहेरच अडतं.

[दृश्य: सान व्हितो दाल्तिव्होले. गावाचं कब्रस्तान, काँक्रीटची कलती भिंत, एकमेकांत गुंतलेली दोन वर्तुळं.]

त्रेव्हीझो प्रांतातलं सान व्हितो, मक्याच्या शेतांतलं गाव. रेडिओ-टीव्ही बनवणाऱ्या ब्रिओनव्हेगा कंपनीचे जुझेप्पे ब्रिओन १९६८ मध्ये वारले. पत्नी ओनोरिना यांनी कुटुंबाच्या दफनभूमीचं काम स्कार्पांना दिलं. गावच्या कब्रस्तानाला दोन बाजूंनी कवेत घेणारी, काटकोनात वळलेली जमीन. काम दहाएक वर्षं चाललं.

क्वेरिनीच्या बागेतला पायऱ्यांचा नमुना इथं सगळीकडे आहे, कडेला, कोपऱ्यात, छताखाली, पाण्यात बुडालेला. माप साडेपाच सेंटिमीटर, नाहीतर त्याची दुप्पट, अकरा. रोमन लिपीत 'कार्लो स्कार्पा' लिहिलं की अक्षरं अकराच भरतात, यावर अभ्यासक आनंदानं वाद घालतात.

काँक्रीटकडे जवळून बघा.

[दृश्य: काँक्रीटवर उमटलेले लाकडाचे रेषे आणि गाठी.]

सेंटरिंगच्या फळ्यांचे रेषे, गाठी, दोन फळ्यांमधली फट, सगळं उमटलंय. आपल्याकडे हे गिलाव्याखाली झाकलं जाईल. इथं तोच शेवटचा हात. म्हणजे ओतणाऱ्याआधी सुताराची परीक्षा. फळी कुठली, तिची दिशा कुठली, पायरीचा प्रत्येक दात सुटा करून साचा पुन्हा कसा निघणार, हे त्यानं आधी सोडवायचं. दात तुटला तर दुरुस्ती दिसणारच.

पाण्यातल्या मंडपाकडे जाताना वाटेत हे काचेचं दार. ढकलायचं ना आत, ना बाहेर. खाली दाबायचं. ते पाण्यात बुडतं, तुम्ही ओलांडता, आणि ते पुन्हा वर येतं. जादू लपवलेली नाही. भिंतीच्या मागच्या अंगाला कप्प्या, तारा आणि वजनं उघडी टांगलेली आहेत.

ब्रिओन पती-पत्नींच्या शवपेट्या बुटक्या कमानीखाली आहेत, एकमेकींकडे कललेल्या.

[दृश्य: दोन्ही शवपेट्या. निवेदन नाही, फक्त स्थळाचा आवाज.]

नोव्हेंबर १९७८ मध्ये स्कार्पा जपानला गेले होते. सेंदाई शहरात जिन्यावरून पडले. २८ नोव्हेंबरला गेले, वय ७२. त्यांची कबर इथंच, ब्रिओन दफनभूमी आणि गावचं कब्रस्तान यांच्या मधल्या कोपऱ्यात. दगड मुलानं, तोबिया स्कार्पांनी, योजला. त्यांना लिननच्या कापडात गुंडाळून उभं पुरलं, असं सांगतात.

ब्रिओनचं काँक्रीट पुढं काळवंडलं, शेवाळलं, आणि २०२१ मध्ये दुरुस्त झालं. २०२२ मध्ये कुटुंबानं ही जागा फाय या वारसा-संस्थेला दिली. चौकातलं ऑलिव्हेत्तीचं दालन २०११ पासून त्याच संस्थेकडे आहे. मधल्या काळात तिथं भेटवस्तू विकल्या जात. स्कार्पांची अपुरी राहिलेली व्हेरोनातली बँकेची इमारत त्यांचे सहकारी आर्रिगो रूदी यांनी १९८१ मध्ये पुरी केली.

[दृश्य: व्हेनिस, तोलेन्तिनी. वास्तुविद्यापीठाचं फाटक.]

आणि हे व्हेनिसचं वास्तुविद्यापीठ. इथं स्कार्पांनी अनेक वर्षं शिकवलं, १९७२ ते १९७४ संचालकही होते. परवाना नव्हता तेव्हाही. वास्तुकलेची मानद पदवी याच संस्थेनं दिली, मरणोत्तर.

फाटकाची रेखाटनं त्यांची. बांधून घेतलं त्यांचे विद्यार्थी सेर्जिओ लोस यांनी, १९८० च्या दशकाच्या मध्यावर. खोदकामात जुन्या मठाची दगडी दारचौकट मिळाली होती. ती उभी करता आली असती. स्कार्पांनी ती जमिनीवर आडवी टाकायची ठरवली आणि आत पाणी भरायचं. आज तिच्या कडेवर बसून मुलं डबे खातात आणि सबमिशनच्या शीट गुंडाळतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे कुंड चौकटीसकट मोजून काढायला बसवलं, तर निम्मा अभ्यासक्रम इथंच होईल, असं आम्हाला चित्रीकरणभर वाटत राहिलं.