फाटकावरचा कागद

(दृश्य: सकाळ. बंगल्याचं फाटक. स्कूटरच्या पुढ्यात बसून आलेला पग.)

मे महिना, सकाळचे साडेआठ. ऊन आत्ताच अंगणात उतरलंय. जुळे सोलापुरातल्या या बंगल्यात रोज बारा-पंधरा कुत्री दिवसभरासाठी येतात. मालक कामावर जातात, संध्याकाळी येऊन नेतात. लॅब्रॅडॉर आहेत, एक हस्की आहे. तो सडपातळ, लांब पायांचा आपल्याच भागातला कारवान. ऊन त्याच्या ओळखीचं आहे. आणि हा ढब्बू. पग, वय चार वर्षं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर काढतो. ढब्बूचं नाक चपटं, श्वासाची वाट अरुंद, त्यामुळे त्या धापाही अपुऱ्या पडतात. आणि सोलापूरचा पारा आज दुपारी बेचाळिसावर जाणार आहे.

(दृश्य: टेबल, फाइल, ताईंचा हात.)

आत येण्याआधी कागद. रेबीजची लस कधी दिली, पार्व्हो-डिस्टेंपरची कधी. रात्री जेवला का, उलटी झाली का, औषध कुठलं चालू आहे. एवढं बहुतेक सगळेच विचारतात. महत्त्वाचा भाग खाली आहे. तुमचा फोन लागला नाही तर कुणाला करायचा? नेहमीचे पशुवैद्य नसतील तर कुठे न्यायचं? फोन लागेपर्यंत उपचार सुरू करायचे का, आणि किती रुपयांपर्यंत? या शेवटच्या रकान्याशी पेन हमखास अडतं. हे पाळणाघर चालवणाऱ्या ताई तो रिकामा सोडू देत नाहीत. ढब्बूच्या कागदावर दहा हजार लिहिलेत.

पुष्कळदा अशा कागदावर एकच ओळ असते: काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही. पण अशी ओळ छापून जबाबदारी संपत नाही. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ३ सांगतं की प्राणी ज्याच्या ताब्यात, त्याचं हित जपणं हे त्याचं कर्तव्य. तो ताबा इथे, या फाटकावर बदलतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ म्हणतं, सोपवलेली वस्तू अशी सांभाळा, जशी सुज्ञ माणूस स्वतःची सांभाळेल. कायदा कुत्र्याला वस्तू धरतो, हे मला आजही पटत नाही. तरी हे कलम त्याच्या बाजूचं आहे. शिवाय पैसे घेऊन दिलेली सेवा, म्हणून त्रुटी राहिली तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडेही जाता येतं.

(दृश्य: दुपार. थांबलेला कूलर.)

पावणेएक. वीज गेली. इन्व्हर्टरवर फक्त दोन पंखे फिरताहेत.

ढब्बूची जीभ बघा. रुंद झालीय, कडेला गडद. लाळ चिकट, तार धरणारी. कुत्री सांभाळणाऱ्या मावशी ओठ उचलतात. हिरड्या विटेसारख्या लाल. उभं केलं तर मागचे पाय लटपटतात. थर्मामीटर शेपटीखाली. एकशे सहा. एरवी १०१ ते १०२.५ असायला हवं.

इथून पुढचं चित्रण आम्ही फारसं कापलेलं नाही.

मावशी शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या, कुत्र्यांशी तेलुगूतच बोलतात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी या वेळी हाताला चटका देतं, म्हणून त्या रांजणातलं घेतात. पोटावर, काखेत, जांघेत, पंजांवर. समोर पंखा. तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सोलापूर टॉवेलचं गाव, त्यामुळे हाताशी पहिला टॉवेलच येतो. पण ओला टॉवेल पाठीवर टाकून ठेवला की जरा वेळात तो कोमट होतो आणि आतली उष्णता अडवून धरतो. मावशी स्वतः टॉवेलच्या कारखान्यात होत्या. त्या टॉवेल खाली अंथरतात, अंगावर नाही.

(दृश्य: फोन कानाला, ताई.)

मालक बँकेत, मीटिंगमध्ये, फोन बंद. दुसरा नंबर उचलला जात नाही. तिसऱ्यांदा नंबर फिरवण्यात ताई वेळ घालवत नाहीत. कागद उलटतात, दवाखान्याला फोन करतात: "पग आहे, एकशे सहा ताप, गार करतोय, निघतोय." पेटीत थर्मामीटर, गॉज, पट्ट्या आहेत. सुई नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानंच करायचे. तापाची गोळीही नाही; उष्माघातात ती उपयोगाची नसते, उलट अपाय करू शकते.

कागदाच्या पाठीवर वेळा चढत जातात. १२:५२, एकशे सहा. १२:५८, एकशे पाच. १:०६, एकशे तीन. इथे पाणी बंद, कारण ताप यानंतरही खाली घसरत राहतो आणि कुत्रा फार गार पडू शकतो. उद्या कुणी विचारलं की तुम्ही काय केलंत, तर ताईंच्या हातात या तीन ओळी असतील.

(दृश्य: एसी चालू असलेली गाडी. मागच्या सीटवर मावशींच्या मांडीवर ढब्बू. खिडकीबाहेर विजापूर रोड.)

ढब्बू दोन दिवस सलाइनवर होता, मग घरी गेला. मागच्या उन्हाळ्यात याच शहरात दुसऱ्या एका ठिकाणी मालकाचा फोन लागायची वाट बघत बसले होते. तो लॅब्रॅडॉर वाचला नाही.

(दृश्य: दहा दिवसांनी. तेच फाटक, तीच स्कूटर.)

मालकांनी कागद मागून घेतलाय. दुसरा नंबर खोडून तिथे बँकेतल्या टेबलावरचा नंबर लिहिताहेत. त्याखाली आणखी एक, शेजाऱ्यांचा.