पिलाताला सगळं माहीत होतं

(दृश्य : रविवार सकाळ. रंगभवनजवळच्या फर्स्ट चर्चच्या फाटकातून आत येणारी माणसं. बाहेर रिक्षांची रांग.)

दर रविवारी सोलापुरात एका रोमन अधिकाऱ्याचं नाव घेतलं जातं. उपासनेत सगळे उभे राहतात, विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची कबुली, म्हणतात. त्यात येशूशिवाय दोनच माणसांची नावं येतात. एक त्याची आई, मरिया. दुसरा पंतय पिलात. शाळकरी पोरालाही हे पाठ असतं. त्याला विचारा, पिलात कोण? तो सांगेल, येशूच्या खटल्यात 'माझा दोष नाही' म्हणत हात धुणारा.

उत्तर बरोबर आहे. पण हात धुण्याआधी हा माणूस सकाळभर काय करत होता, तिकडे आपलं लक्ष जात नाही. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते. डोक्यावर पंखे गरगरतात, बाहेर सोलापूरचं ऊन. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि त्या सातात पिलात कुठेच नाही. त्याचा अध्याय एखादा तरुण उभा राहून वाचतो आणि बसतो. मला विचाराल तर एका वक्त्याची दहा मिनिटं कापा, पण पिलातावर कुणीतरी बोला. खटला तिथे लागला होता.

(दृश्य : उघडं पवित्र शास्त्र, योहानाचं शुभवर्तमान. बोट ओळीवरून सरकतं.)

पिलात दंतकथेतला माणूस नाही. इ. स. २६ ते ३६ या काळात तो यहूदियाचा रोमन सुभेदार होता. १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात त्याचं नाव आणि हुद्दा कोरलेला दगड सापडला. त्याच काळातला यहुदी लेखक फायलो सांगतो की, पिलाताने यरुशलेमात सोन्याचा मुलामा दिलेल्या ढाली लावल्या, लोकांनी थेट सम्राट तिबिर्याकडे तक्रार केली आणि सम्राटाने त्याला झापून त्या काढायला लावल्या. म्हणजे साहेबांच्या नावाने वर अर्ज गेला की काय होतं, हे पिलाताला चांगलं माहीत होतं.

आता खटल्याकडे या. आरोपी समोर उभा. पिलात चौकशी करतो, बाहेर येऊन सांगतो, मला याच्यात काही अपराध दिसत नाही. एकदा नाही, तीनदा. प्रकरण गालीलातलं म्हणून तो ते तिथला सत्ताधारी हेरोद याच्याकडे ढकलतो. हेरोदही आरोपीची टिंगल करून परत पाठवतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक इथे एक वाक्य सहज टाकून जातो : आधी वैर असलेले हेरोद आणि पिलात त्या दिवशी एकमेकांचे मित्र झाले. एका निर्दोष माणसाच्या फायलीवरून दोन सत्ताधाऱ्यांचं जमलं. हे वाक्य लिहिणाऱ्याला राजकारण कळत होतं.

मग पिलात सणाला एक कैदी सोडायची सवलत पुढे करतो. कैदेतला बरब्बा सोडू की येशू? तीही मात्रा चालत नाही. मग फटके मारून सोडतो म्हणतो, म्हणजे निर्दोष माणसाला थोडीशीच शिक्षा! तडजोडीतला हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. जमाव आणि पुढारी त्यावरही खूश नाहीत. आणि मग ते वाक्य येतं : ह्याला सोडलं तर आपण कैसराचे, म्हणजे रोमन सम्राटाचे, मित्र नाही.

इथे खटला संपला. साक्षीपुरावा बदलला नव्हता, कायदाही तोच होता. तेवढ्यात काय बदललं? सुभेदाराला आपली खुर्ची दिसली. त्याने पाणी मागवलं.

'सत्य काय आहे?' हा पिलाताचा प्रश्न फार गाजला. त्यावर तत्त्वज्ञानाचे वर्ग चालतात. मला तो प्रश्न खोटा वाटतो. विचारून तो उत्तराला थांबला नाही. आणि आरोपी निर्दोष आहे एवढं सत्य त्याला कळलेलं होतं, त्याने स्वतःच ते चौथऱ्यावरून सांगितलं होतं. माहितीची तूट नव्हती. त्या सत्याची किंमत भरायची वेळ आली, तेव्हा खिसा चाचपून तो मागे सरकला.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. या प्रसंगाचं खापर शतकानुशतकं सगळ्या यहुदी लोकांवर फोडलं गेलं आणि त्यापायी युरोपात भयानक छळ झाला. एका सकाळच्या जमावाचा दोष एका समाजाच्या माथी मारणं हाही अन्यायच. रोमन कॅथोलिक चर्चने हे अधिकृतपणे नाकारलं ते १९६५ साली. फार उशीर झाला.

(दृश्य : चार हुतात्मा पुतळ्यांचा चौक. सिटी बस, हार, शाळेची मुलं.)

सोलापूरला दबावाखालचा खटला पुस्तकातून शिकावा लागत नाही. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गिरण्या बंद पडल्या, माणसं रस्त्यावर आली. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, त्यात दोन पोलीस मारले गेले. हुतात्म्यांवरच्या भाषणांत हे शेवटचं वाक्य कधीकधी गाळलं जातं. गाळू नये. त्या पोलिसांच्याही घरी कुणी वाट बघत होतं.

१२ मे रोजी शहरावर मार्शल लॉ लागला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. तिरंगा हातात धरला म्हणून सक्तमजुरी, गांधी टोपी दिसली की दंडुका. या सगळ्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा खटला चालला. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. चौघंही चळवळीतले, लोकांच्या ओळखीचे. एवढ्या मोठ्या जमावातून नेमके हेच चौघं कसे काय सापडले, असं शहराने तेव्हाही विचारलं आणि आजही विचारतं. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झाली.

न्यायासनावर बसलेल्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. सरकारला या शहराला जरब बसवायची होती, हे मात्र मार्शल लॉच्या एकेका हुकुमात दिसतं. अशा हवेत न्यायाधीशाला 'मला याच्यात अपराध दिसत नाही' म्हणायला काय लागत असेल, याचा अंदाज करा.

पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्रातली एक जोडी आहे. बहुसंख्य लोक वाईटाकडे वळले तरी त्यांच्यामागे जाऊन साक्ष फिरवू नको. आणि लगेच पुढे : गरिबाचा वाद आहे म्हणून त्याचीही तरफदारी करू नको. पहिली अर्धी आज्ञा व्यासपीठावरून सगळ्यांना आवडते. दुसरी वाचताना आवाज खाली येतो. गरीब माणूस न्याय मागायला येतो, त्याला सहानुभूतीची भीक घालून पाठवू नका, असं तिथे म्हटलंय. त्याच अध्यायात लाचेबद्दल लिहिलंय की ती डोळसांनाही आंधळं करते. टेबलाखालून येते तेवढीच लाच नसते. पद, मान, ट्रस्टवरची जागा, नाताळच्या स्टेजवर पुढाऱ्याच्या शेजारची खुर्ची, यांनीही डोळ्यांवर तेवढाच पडदा येतो.

नाताळचं आलंच आहे तर सांगतो. डिसेंबरात आमच्याकडे सगळ्या पक्षांची माणसं येतात. केक कापतात, 'प्रभू येशूचा शांतीचा संदेश' म्हणतात, कब्रस्तानाच्या कंपाउंडचं आश्वासन देतात. आम्ही शाल घालतो, फोटो काढतो. येऊ देत, पाहुणे आहेत. पण कंपाउंडच्या भिंतीपायी वर्षभर गप्प बसायचं ठरत असेल, तर ती भिंत महाग पडली.

(दृश्य : सेटलमेंट फ्री कॉलनी. गल्ली, नळावरची भांडी, सायकल दुरुस्तीचं दुकान.)

आता घरातली गोष्ट. पिलाताच्या खुर्चीवर नेहमी दुसरेच बसतात असं आम्हा ख्रिस्ती लोकांना वाटतं. सोलापुरात तसं म्हणायची सोय नाही.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही कडक झाला. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, अशा जमातीच्या जमाती कागदावर गुन्हेगार ठरल्या. आईच्या पोटातलं मूलसुद्धा. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली, उमेदपूर. लोकांच्या तोंडी 'सेटलमेंट'. हजेरी द्यायची, बाहेर जायला पास काढायचा, गिरणीत कामाला जायचं. आणि ही वसाहत चालवायला सरकारने सोपवली ती अमेरिकन मराठी मिशनकडे. ज्या मिशनने १८६० च्या दशकात सोलापुरात ठाण मांडून शाळा आणि चर्च काढली, ज्यांच्यामुळे माझ्यासारख्यांच्या आज्या-पणज्या अक्षरं गिरवू शकल्या, तेच मिशन.

तिथे शाळा होत्या, औषधपाणी होतं, मायेने वागणारी माणसंही होती. ते नाकारणं खोटेपणा होईल. पण तारेच्या आत उपदेश व्हायचा की सर्व मनुष्ये पापी आहेत, आणि हजेरी मात्र आतल्यांचीच लागायची. उपदेशकाची नाही, गिरणीमालकाची नाही, कलेक्टरची तर नाहीच. सर्वांनी पाप केलं आहे, हे प्रेषित पौलाचं वाक्य मनापासून मानलं असतं, तर एका जातीला जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा राबवताना हात अडखळायला हवा होता. मिशनच्या भल्या माणसांनी कुंपणाच्या आत जमेल तेवढी दया केली. कुंपण खोटं आहे हे सरकारला तोंडावर सांगणं वेगळं काम होतं. ते केलं असतं तर वसाहत हातची गेली असती, कदाचित सरकारची मर्जीही.

कायदा १९५२ साली रद्द झाला, ३१ ऑगस्टला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. चर्चमध्ये त्या दिवसाची आठवण काढलेली मी तरी ऐकलेली नाही.

(दृश्य : सेतू केंद्राबाहेरची रांग. फायली, झेरॉक्सचे गठ्ठे. चेहरे न दाखवता.)

आणि आज? आज दबाव तारेचा नाही, कागदाचा आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. त्यामुळे ज्याचे आजोबा गावकुसाबाहेर राहत होते आणि बाप्तिस्मा झाला तरी ज्याला पाणवठ्यावर कुणी जवळ केलं नाही, त्याने धर्माच्या रकान्यात 'ख्रिस्ती' लिहिलं की अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती गेली, राखीव जागा गेली, अत्याचारविरोधी कायद्याचं छत्रही गेलं. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून याचिका आहे. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला.

सरकारचा युक्तिवाद असा की ख्रिस्ती धर्मात जात नाही. आमचे पाळकही हेच म्हणतात. मग लग्न जमवताना 'मूळचे कोणते?' हे हळूच का विचारलं जातं? बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली जाते असं आम्ही गातो, आणि सोयरिकीला बसलो की ती वाळून परत वर येते.

मधल्या मध्ये पोरं अडकतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक धर्म, चर्चच्या रजिस्टरात दुसरा. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाची फसवणूक आहे, असं सुनावलं. निर्गमाची दुसरी अर्धी आज्ञा आठवा, गरिबाचीही तरफदारी करू नको. ते मला मान्य आहे. पण खरं लिहिलं की ज्याचं शिक्षण थांबतं, त्याला खोटारडा म्हणणाऱ्याने पहिल्यांदा खरं लिहिण्याचे हे दर कुणी ठरवले ते विचारावं.

या चित्रीकरणासाठी आम्ही एका पाळकांकडे बसलो होतो. नर्सिंगला जाऊ पाहणारी एक मुलगी आईबरोबर आली. विवाहित बहिणीसाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, आणि स्वतःच्या व्हॅलिडिटीची, म्हणजे जात पडताळणीची, फाइल अर्धवट होती. पाळक तिला समजावत होते, खरं ते लिही बाळा, देव बघून घेईल. मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पाळकसाहेब, तुमच्या मुलाचं इंजिनिअरिंग कशातनं झालं?"

आईने तिच्या हाताला चिमटा घेतला.

पाळक म्हणाले, "ओपनमधून. पूर्ण फी भरली. बँकेचं कर्ज अजून चालू आहे."

"मग हे रविवारी सांगा की," ती म्हणाली, "पुलपिटावरनं. किती हप्ता बसतो तेपण सांगा."