काठ कुठला धरायचा?

[डांबरी रस्ता संपतो. पाच मोटरसायकली एकामागोमाग थांबतात.]

डांबर संपलं की आधी थांबायचं. पडद्यावर हे फार शोभून दिसत नाही, मान्य आहे. ऑफ-रोडचे व्हिडिओ बघून आलेल्याला वाटतं, इथून पुढे नुसता धुरळा उडवायचा. पण तलावाकाठी मुक्कामाला निघालेले हे पाच मित्र गाड्या स्टँडवर लावतात, उकिडवे बसतात आणि टायरची हवा सोडायला लागतात. फुस्स, मग गेज, मग पुन्हा फुस्स. रस्त्यावर ३० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास असलेली हवा २० च्या घरात येते. हवा उतरली की टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि दगडावरून उसळण्याऐवजी त्याला कवेत घेऊन पुढे सरकतो.

याचाही अतिरेक नको. हवा फारच कमी असली, तर दगडावर आदळताना ट्यूब रिमखाली चिरडते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक सापडलं म्हणून खूश होऊन टायर बंद करणाऱ्याला थोड्या वेळाने तो पुन्हा उघडावा लागतो.

[खडीची वाट. दोन चाकोऱ्या, मधे गवत.]

तलावापर्यंतची वाट तशी साधीच आहे. तरी नवखा कोण आणि मुरलेला कोण, हे पहिल्या वळणाआधीच कळतं. नवखा सीटवर बसून राहतो आणि प्रत्येक खड्डा त्याच्या मणक्यापर्यंत पोचतो. मुरलेला उभा असतो. गुडघे जरासे वाकलेले, टाकीला टेकलेले. कोपरं बाहेर. हँडलवरची मूठ सैल, एक-दोन बोटं क्लचवर, तेवढीच ब्रेकवर. उभं राहिलं की अंगाचं वजन सीटऐवजी फूटरेस्टवर, म्हणजे गाडीच्या खालच्या अंगाला पडतं. मग गाडी पायांखाली हवी तशी डुलते आणि वरच्याला तिच्याबरोबर डुलावं लागत नाही.

"नजर लांब ठेव रे!" मागून कुणीतरी ओरडतं. दोन दिवसांत हे वाक्य इतक्यांदा ऐकू येणार आहे, की ते कापायचं ठरवलं असतं तर फिल्मच उरली नसती. पण त्यात तथ्य आहे. माणूस जिकडे बघतो, तिकडेच गाडी जाते. दगडाकडे टक लावून बघणाऱ्याला दगडच भेटतो.

घोळक्याचा वेग सगळ्यात मागच्याने ठरवायचा असतो. फाटा आला की पुढच्याने तिथे थांबायचं आणि मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. एवढा एक नियम पाळला तरी शोधाशोधीत जाणारी संध्याकाळ वाचते. पुढे पळून जाऊन "मी तर कधीचा पोचलो" म्हणणाऱ्या मित्राबद्दल आमचं मत फारसं बरं नाही.

[तलाव, उंचावरून.]

वरून पाहिलं तर तलावाचा काठ सगळीकडे सारखाच वाटतो. तसा तो नसतो. मोकळ्या पाण्यावरून वारा येऊन ज्या काठाला धडकतो, तिथे लाटा सतत काम करत असतात. बारीक गाळ त्या धुऊन नेतात. मागे उरते वाळू, खडे, गोटे. हा धुऊन नेलेला गाळ जातो कुठे? जिथे पाणी संथ आहे तिथे, म्हणजे खोल तळाशी किंवा आडोशाच्या कोपऱ्यात. तिथे तो सावकाश खाली बसतो.

म्हणजे पेच असा, की तंबूला हवा असतो आडोसा आणि टायरला हवी असते घट्ट जमीन. निसर्गाने या दोन्ही गोष्टी बहुधा वेगवेगळ्या काठांवर ठेवलेल्या असतात.

त्यात तलावाचं पाणी उतरलेलं असेल, तर फसवणूक आणखी पक्की. पाण्याखालून नुकतीच उघडी पडलेली जमीन उन्हात वरवर वाळते. पांढरट पापुद्रा धरते, भेगा पडतात. दुरून पाहणाऱ्याला वाटतं, देवाने मैदानच आखून दिलंय! प्रत्यक्षात पापुद्रा दोन-चार बोटं जाडीचा असतो आणि त्याखाली गाळ अजून ओलाच असतो. हे तपासायला गाडी लागत नाही. बुटाची टाच जोरात मारायची. टाच आत गेली तर चाक जाणारच.

[मधली गाडी चाकोरी सोडून भेगाळलेल्या जमिनीकडे वळते.]

टाच कुणी मारली नाही.

आता जवळून बघा. पुढचं चाक पापुद्र्यावरून निभावून जातं. मागच्या चाकावर सामान आहे, तंबू आहे, पाण्याचा कॅन आहे. ते पापुद्रा फोडून खाली बसतं. चालवणारा साहजिकच ॲक्सिलरेटर पिळतो आणि दोन क्षणांत टायरच्या खाचा चिखलाने भरून जातात. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत झाला. तो आता जमीन पकडत नाही, नुसता खणतो. मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखल कोंबला जातो. हँडल पकडून बसलेल्याला क्लचचा करपट वास येतो. चेन अर्धी गाळात, गाडी स्टँडशिवाय सरळ उभी. पाचातले तिघं मदतीला धावतात आणि चौथा मोबाइल काढतो. प्रत्येक घोळक्यात असा एक चौथा असतोच.

अशा वेळी पहिली गोष्ट, ॲक्सिलरेटर सोडायचा. मग सामान उतरवायचं आणि गाडी मुद्दाम आडवी करायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण गाडी कुशीवर झोपवली की मागचं चाक खड्ड्यातून वर येतं. खड्ड्यात गोटे, काटक्या, जे मिळेल ते भरायचं आणि गाडी पुन्हा उभी करायची. शेजारून चालत, हलक्या हाताने क्लच सोडत ती बाहेर काढायची. मागे उभं राहून ढकलणाऱ्याचं तोंड चिखलाने माखतं, म्हणून ढकलणाऱ्यांनी बाजूला राहायचं. हे शहाणपण सगळ्यांनाच वेळेवर सुचतं असं नाही.

गाडी उचलण्याचीही पद्धत आहे. कंबर वाकवून हँडल ओढायचं नाही. पाठ गाडीकडे करून सीटला टेकायची, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची फ्रेम, आणि छोटी-छोटी पावलं टाकत मागे रेटायचं. सगळं बळ मांड्यांचं. पडलेली गाडी दोनशे किलोची असली, तरी एकटा माणूस ती अशी उभी करू शकतो. उजव्या अंगावर पडली असेल, तर आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा. नाहीतर ती उभी राहते आणि तशीच पलीकडे आडवी होते.

[संध्याकाळ. तंबूच्या खुंट्या ठोकल्या जातात.]

तंबू अगदी पाण्याला लागून हवा, हा हट्ट बहुतेकांचा असतो. फोटोसाठी ठीक. पण कॅम्पिंग करणाऱ्यांत सर्वमान्य झालेला दंडक असा आहे, की मुक्काम पाण्यापासून किमान ६० मीटर लांब करावा. मोठ्या माणसाची साधारण ७०-८० पावलं. प्राण्यांना पाण्यावर यायला वाट मोकळी राहते, काठावरचा नाजूक झाडोरा तुडवला जात नाही, आपली घाण पाण्यात जात नाही. भांडी आणि हातपाय धुणंही तेवढ्याच अंतरावर, साबण कितीही 'निसर्गस्नेही' असला तरी. शौचाचा खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल.

आणखी एक कारण स्वार्थाचं आहे. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून घरंगळत येऊन सखल जागी साचते आणि तलाव म्हणजे परिसरातली सगळ्यात सखल जागा. जरा वर, चढावर झोपणाऱ्याची रात्र उबदार जाते. वाराही रात्री बाजू बदलतो. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि तो उलटा वाहू लागतो. संध्याकाळी तंबूपासून लांब जाणारा शेकोटीचा धूर मध्यरात्री आत शिरतो, तो यामुळे.

दोन चाकं आणि तंबू ही जोडी तशी जुनी आहे. आधुनिक कॅम्पिंगचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात, तो टॉमस हायरम होल्डिंग हा इंग्लंडमधला शिंपी. सायकलवर लादता येईल असं हलकं सामान आणि तंबू घेऊन तो मित्रांबरोबर फिरायचा. १९०१ साली त्याने सायकलवरून कॅम्पिंग करणाऱ्यांची संघटनाच उभी केली. वजन पाठीवर किंवा चाकावर घ्यायचं असलं की माणूस काय सोडायचं ते लवकर शिकतो. आमच्या पाच जणांपैकी एकाने मात्र घडीची खुर्ची आणली आहे. सगळे त्याला हसले. आणि आता सगळे त्या खुर्चीवर आळीपाळीने बसतायत.

[रात्र.]

पलीकडच्या काठावर आणखी कुणीतरी उतरलंय. त्यांचं बोलणं इथे स्पष्ट ऐकू येतं. रात्री पाण्यालगतची हवा थंड असते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असतो. त्या थरातून आवाज वर निसटून न जाता पुन्हा खाली वळतो आणि सपाट पाण्यावरून लांबवर जातो. अर्थात हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. रात्री उगाच गाडी सुरू करून सायलेन्सर गुरगुरवणाऱ्याला अख्खा तलाव ऐकत असतो. गाड्या संध्याकाळी एकदा बंद केल्या की सकाळपर्यंत बंद, असं या पाच जणांनी आपसात ठरवून घेतलं आहे. थंडी कितीही वाजली तरी पेटता स्टोव्ह तंबूत घ्यायचा नाही, हेही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

[पहाट. पाण्यावर धुकं. एक तंबू उघडतो.]

"पाऊस पडला का रे रात्री?"

पडला नाही. तंबूच्या आतल्या बाजूला लागलेलं पाणी झोपलेल्यांच्या श्वासातलं आहे. रात्री थंडी वाजली म्हणून यांनी वरच्या खिडक्या बंद केल्या, मग वाफेला जायला वाटच राहिली नाही. बाहेर पाण्यावर तरंगतंय ते धुकंही याच घराण्यातलं. तलाव दिवसभराची ऊब सावकाश सोडतो. उबदार पाण्यावरची दमट हवा वरच्या थंड हवेत मिसळली की तिच्यातल्या वाफेचे निवून थेंब होतात.

[तलावाला मिळणारा ओढा. चालक पायी पाण्यात उतरतो.]

दुसऱ्या दिवशी वाटेत ओढा. काल टाच न मारणारा आज सगळ्यात आधी बूट घालून पाण्यात उतरलाय. बरोबरच आहे. ओढा आधी पायी ओलांडायचा. तळाशी गोटे आहेत की गाळ, ओढ किती, पाणी कुठवर येतं ते पायांना कळू द्यायचं. पाणी एअर फिल्टरमधून इंजिनात शिरलं, तर मामला गंभीर. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबता येत नाही. चालत्या इंजिनात अशाने पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. म्हणून गाडी पाण्यात पडली की स्टार्टरचं बटण दाबायचा मोह आवरायचा. आधी स्पार्क प्लग काढायचा, मग इंजिन फिरवून आतलं पाणी बाहेर फेकू द्यायचं.

आज तशी वेळ येत नाही. पाचही गाड्या एकेक करून, पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने पलीकडे जातात. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवून घेतात.

[डांबरी रस्त्याची कड.]

रस्त्याला लागण्याआधी गाड्यांचा चिखल काठीने खरवडून इथेच झाडायचा. एका तलावाचा गाळ दुसऱ्या तलावावर नेला, की त्यातून बिया आणि पाण्यातले बारीक जीव फुकट प्रवास करतात, आणि नव्या पाण्यात ते कधी कधी फार माजतात. गाडी तलावात घालून धुणं तर नकोच. चेनचं तेल पाण्यावर पसरतं.

राहिली टायरची हवा. ती पुन्हा ३० वर न्यायची, नाहीतर डांबरावर टायर तापतो आणि गाडी वळणावर वाहवत जाते. काढताना मिनिटभर लागलं होतं, भरताना हातपंपाने दंड भरून येतात. पंप एकच आहे, आणि ज्याने तो आणला, त्याच्या गाडीचा नंबर अर्थातच शेवटचा.