चादरीतला मोर, पुठ्ठ्याच्या मागावर

(यंत्रमागाचा खडखडाट. जवळून: जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी घडवणाऱ्या यंत्रावर, फिरणारी पुठ्ठ्यांची माळ)

सोलापूरचा पूर्व भाग. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर अशाच मागांवर होते. पुठ्ठ्यात भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. 1804 सालच्या जकार्ड यंत्राची ही युक्ती.

(वर्ग. कात्र्या, सुताचे गुंडे)

घरी तेलुगू, शाळेत मराठी बोलणारी ही पोरं तीच युक्ती खोक्याच्या पुठ्ठ्यावर करतायत. तुकडा 15 बाय 30 सेंटीमीटर. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्याच हव्यात. आडव्या आल्या तर ताण बसताच माग वाकतो. वरखाली दर 5 मिलिमीटरला एक, अशा 23 खाचा. सुताचे वेढे पुठ्ठ्याच्या मागून पुढून. बाराव्या धाग्याला लाल खूण. मोर तिथून दोन्हीकडे सारखा उघडणार.

आता गणिताची चौकटींची वही. एक चौकट, एक उभा धागा. रंगवलेल्या चौकटीत रंगीत धागा वरून, कोऱ्या चौकटीत खालून. छापील नक्षी इथं कुणाला मिळत नाही. तयार मोर विणायला देणं म्हणजे पोरांकडून मजुरी करून घेणं!

(जवळून: वहीवर खोडरबर)

सलग तीनपेक्षा जास्त चौकटी रंगवल्या की धागा सैल लोंबतो, बोटात अडकतो. मग पिसारा पुन्हा आखायचा, मध्ये एखादी चौकट कोरी सोडून. खरं डोकं इथं चालतं. सममितीचा धडाही जाता जाता होतो.

(हात. आइस्क्रीमची काडी, टोकाला भोक)

काडीच्या भोकात कारखान्यातलं उरलेलं सूत, चार पदरी. नक्षीच्या प्रत्येक ओळीनंतर एक साधी ओळ, एक धागा वरून, एक खालून, पुढच्या वेळी उलट. ही ओळ गाळली तर कापड पोकळ होतं आणि मोर चपटा होऊन कोंबडीसारखा दिसतो. धागा सरळ ओढला की कडा आत येतात. म्हणून तो कमानीसारखा सैल टाकायचा, मग कंगव्याने खाली ठोकायचा.

(पुठ्ठा पालथा. कात्री)

मागचे वेढे मधोमध कापले की गाठींना पुरेसं सूत मिळतं. दोन-दोन धाग्यांची एक गाठ. धागे 23, त्यामुळे शेवटची गाठ तिघांची.