बर्फावरचा प्रोफेसर : इगोर लारिओनोव

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण आइस हॉकीच्या एका खेळाडूची ओळख करून घेणार आहोत. त्याचं नाव इगोर लारिओनोव. ज्या सोव्हिएत व्यवस्थेने त्याला घडवलं, तिच्याशी तो उघड भांडला. मात्र तिथे शिकलेला खेळ त्याने टाकून दिला नाही. तोच खेळ त्याने अमेरिकेत नेला आणि तिथल्या लोकांना त्याची गोडी लावली. म्हणून रशियाच्या कितीतरी मोठ्या गोलवीरांपेक्षा मला लारिओनोवची कारकीर्द अधिक मोलाची वाटते.

आधी खेळाविषयी थोडं सांगतो. बर्फाच्या मैदानावर गोलकीपर धरून प्रत्येक बाजूचे सहा जण असतात. चेंडूऐवजी रबराची जड चकती असते, तिला पक म्हणतात. अंगावर धडक देणं नियमात बसतं. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून धावतो, बाकावर परततो आणि खेळ चालू असतानाच दुसरा त्याच्या जागी उतरतो. आघाडीचे तिघे एकत्रच उतरतात, एकत्रच परततात. या तिघांना ‘लाइन’ म्हणतात. लारिओनोव त्यांतला मधला, म्हणजे सेंटर.

त्याचा जन्म ३ डिसेंबर १९६० चा, वोस्क्रेसेन्स्क गावातला. मॉस्कोच्या आग्नेयेला असलेलं हे रसायन कारखान्यांचं गाव. तिथल्या संघाचं नावही ‘खिमिक’, म्हणजे रसायनवाला. उंची जेमतेम पावणेसहा फूट, बांधा सडपातळ. धडकाधडकीच्या या खेळात असा मुलगा टिकेल असं कुणाला वाटलं नसतं. पण तो खेळ वाचायचा. पक आपल्याकडे यायच्या आधीच तो पुढे कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असे. चष्मा, बुद्धिबळाची आवड आणि शांत बोलणं यांमुळे पुढे त्याला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणू लागले.

१९८१ मध्ये त्याला मॉस्कोच्या त्स्स्का संघात, म्हणजे लष्कराच्या संघात घेतलं गेलं. देशातले उत्तम खेळाडू तिथेच गोळा केले जात. डावीकडे व्लादिमिर क्रुतोव, उजवीकडे सर्गेई मकारोव आणि मध्ये लारिओनोव. आडनावांच्या आद्याक्षरांवरून या तिघांना जगभर ‘केएलएम’ लाइन म्हणत. त्यांच्या मागे बचावाला फेतिसोव आणि कासातोनोव. हे पाच जण बर्फावर आले की पक कुणाच्या काठीवर आहे हे प्रतिस्पर्ध्याला कळेपर्यंत गोल झालेला असे. खो-खोत चांगला खेळाडू नेमक्या क्षणी खो देतो आणि पळणारा गोंधळतो, तसा लारिओनोवचा पास असे. स्वतः मारण्याची संधी असली तरी शेजारच्याची संधी अधिक चांगली आहे हे त्याला दिसायचं. १९८४ मध्ये सारायेवोला आणि १९८८ मध्ये कॅल्गरीला ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. शिवाय चार विश्वविजेतेपदं झाली, आणि देशातली लीग तर त्स्स्का दरवर्षी जिंकतच होता.

या यशाची किंमत काय होती? प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव खेळाडूंना वर्षातले दहा-अकरा महिने मॉस्कोबाहेरच्या छावणीत ठेवत. लग्न झालेली, लेकरं असलेली माणसं स्वतःच्या घरी पाहुण्यासारखी जात. खेळाडू कागदोपत्री लष्करी अधिकारी होते, त्यामुळे नकार देणं म्हणजे हुकूम मोडणं. परदेशात खेळायला जायचं तर आधी लष्करातून सुटका हवी, आणि ती देणं वरिष्ठांच्या मर्जीवर.

गोर्बाचोव यांच्या काळात बोलायला थोडी मोकळीक मिळाली होती. ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘ओगोन्योक’ या लोकप्रिय साप्ताहिकात लारिओनोवचं तिखोनोव यांना उद्देशून लिहिलेलं खुलं पत्र छापून आलं. छावणीतलं आयुष्य, प्रशिक्षकांची हुकूमशाही, खेळाडूंना माणूस म्हणून न वागवणं, सगळं त्याने स्वतःच्या नावानिशी मांडलं. हे धाडस किती मोठं होतं ते लक्षात घ्या. त्याच्या आजोबांनी स्टालिनच्या काळात श्रमछावणीत अनेक वर्षं काढली होती. बोलण्याची शिक्षा काय असते हे त्या घराला चांगलं ठाऊक होतं. आणि लारिओनोव तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होता. त्याच वर्षी तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. गप्प राहिला असता तर सगळं सुखात चाललं असतं.

काही महिन्यांनी फेतिसोवनेही जाहीर बंड केलं. १९८९ च्या उन्हाळ्यात दरवाजे उघडले. क्रुतोव आणि लारिओनोव कॅनडातल्या व्हँकूव्हरला गेले, मकारोव कॅल्गरीला, फेतिसोव न्यू जर्सीला. क्रुतोवला ते जग मानवलं नाही, एका हंगामात तो परतला. लारिओनोव टिकला. पण त्याच्या करारापोटी सोव्हिएत क्रीडासंस्थेला पैसे जात होते, ते त्याला सलत होतं. म्हणून १९९२ मध्ये व्हँकूव्हर सोडून तो स्वित्झर्लंडच्या लुगानोकडून एक हंगाम खेळला. तत्त्वासाठी त्याने एनएचएल या उत्तर अमेरिकेच्या, जगातल्या सर्वांत मोठ्या लीगमधलं एक वर्ष सोडलं.

परतला तो सॅन होजे शार्क्स या नवख्या, आदल्या वर्षी तळाला गेलेल्या संघात. तिथे मकारोव पुन्हा सोबतीला आला. १९९४ मध्ये हंगामाअखेरच्या बाद सामन्यांत या संघाने पहिल्याच फेरीत बलाढ्य डेट्रॉइटला घरी पाठवलं. दीड वर्षानेच, ऑक्टोबर १९९५ मध्ये, त्याच डेट्रॉइटने लारिओनोवला आपल्याकडे घेतलं.

तिथे प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी फेतिसोव, कोन्स्तान्तिनोव, फ्योदोरोव, कोझलोव आणि लारिओनोव हे पाचही रशियन एकाच वेळी बर्फावर उतरवले. अमेरिकेत पक पुढे फेकून त्यामागे धावण्याची पद्धत होती. हे पाच जण पक सोडतच नसत. वाट सापडली नाही तर मागे वळत, पुन्हा रचना करत. मॉस्कोत शिकलेलं हॉकी छावणीच्या धाकाशिवाय, मोकळ्या माणसांनी खेळलं तर कसं दिसतं, ते डेट्रॉइटच्या प्रेक्षकांनी पाहिलं. मला स्वतःला हा लारिओनोवच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर काळ वाटतो.

जून १९९७ मध्ये डेट्रॉइटने ४२ वर्षांनी स्टॅनले कप, म्हणजे या लीगच्या विजेत्याचा करंडक, जिंकला. फेतिसोव आणि लारिओनोव यांनी तो दोघांनी मिळून उचलला आणि बर्फावर फेरी मारली. सहाच दिवसांनी मोटार अपघातात कोन्स्तान्तिनोवच्या मेंदूला जबर इजा झाली आणि त्याचा खेळ कायमचा थांबला. त्या ऑगस्टमध्ये फेतिसोव, कोझलोव आणि लारिओनोव यांनी कप मॉस्कोला नेला. पुढच्या वर्षी संघ पुन्हा जिंकला, तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसलेल्या कोन्स्तान्तिनोवच्या मांडीवर कप ठेवला गेला.

आता २००२. लारिओनोव ४१ वर्षांचा. फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीला, फेतिसोवच्या प्रशिक्षणाखाली, त्याने रशियासाठी ऑलिंपिक कांस्य मिळवलं. जूनमध्ये स्टॅनले कपच्या अंतिम मालिकेतला कॅरोलायनाविरुद्धचा तिसरा सामना बरोबरीत अडकला. एक जादा डाव झाला, दुसरा झाला, तिसरा चालू होता. मध्यरात्र उलटून गेली होती. लारिओनोवला गोलसमोर पक मिळाला. एक प्रतिस्पर्धी आडवा घसरत आला. अशा वेळी कुणीही घाईने फटका मारला असता. हा थांबला, त्याला घसरून पुढे जाऊ दिलं आणि काठीच्या उलट्या बाजूने पक वर उचलून जाळ्यात टाकला. समोर गोलकीपर होता आर्तुर्स इर्बे, सॅन होजेतला त्याचा जुना सोबती. अंतिम मालिकेत गोल करणारा सर्वांत वयस्कर खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. त्याच सामन्यात त्याने आधीही एक गोल केला होता. संघाने कप जिंकला, लारिओनोवचा हा तिसरा.

२००४ मध्ये तो निवृत्त झाला आणि २००८ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. उत्तर अमेरिकेच्या लीगमध्ये त्याचे नियमित हंगामातले गोल १६९, आणि इतरांच्या गोलांना दिलेले पास ४७५.

इंटरनेटवर त्याच्या जुन्या सामन्यांची चित्रणं सहज सापडतात. पाहाल तेव्हा नजर पकावर ठेवू नका. या खेळाडूकडे पाहा, डेट्रॉइटच्या सामन्यांत त्याचा नंबर आठ, आणि पक त्याच्याकडे येण्याआधी तो कुठे मान वळवतो ते बघा. नमस्कार.